मिडलटनचा योद्धा: थडग्यातला की गादीवरचा?

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा निवांत वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून काढलाय. बरंचसं बोललो तसंच ठेवलंय, त्यामुळे मधेमधे 'बरं का' आणि 'बघा' भेटतील. चालवून घ्या.

आज एका दगडाबद्दल बोलायचंय. त्या दगडावर एक माणूस कोरलाय. अभ्यासकांनी त्याला आधी मेलेला ठरवलं आणि वीसेक वर्षांनी उठवून खुर्चीत बसवलं. दगड तोच. त्यावरची एक रेघसुद्धा इकडची तिकडे झाली नाही. बदलली ती बघणाऱ्यांची नजर. ती कशी बदलली, आणि त्या एका बदलामुळे हजार वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दलचं आपलं मत कसं पालटलं, एवढीच आजची गोष्ट आहे.

आधी जागा सांगतो. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्क नावाचं शहर आहे. तिथून ईशान्येला साधारण चाळीस किलोमीटरवर पिकरिंग नावाचं छोटं गाव लागतं, आणि त्याला जवळजवळ चिकटूनच मिडलटन. एक रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी घरं, मागे शेतं आणि एक जुनं चर्च, सेंट अँड्र्यूचं. चर्चच्या बुरुजाचा खालचा भाग १०६६ च्या आधीचा, म्हणजे नॉर्मन लोक इंग्लंड जिंकायला यायच्या आधीचा आहे. आत गेलात की दगडी क्रूस आणि त्यांचे तुकडे मांडून ठेवलेले दिसतात. काचेची पेटी नाही, पहारेकरी नाही. बाकांच्या जवळच उभे आहेत, घरातली वडीलधारी माणसं ओसरीवर बसावीत तसे.

त्यातला एक क्रूस आपला आजचा नायक. उंची साधारण एक मीटर. अभ्यासक त्याला 'मिडलटन बी' म्हणतात. नाव अगदीच सरकारी फायलीतलं वाटतं, पण तेच रूढ आहे. हा कोरला गेला दहाव्या शतकात.

आता डोळे मिटा आणि माझ्याबरोबर बघा. म्हणजे गाडी चालवत असाल तर नका मिटू!

वर क्रूसाचं डोकं. त्याच्या चार हातांना जोडणारं एक कडं आहे. असे कडं असलेले क्रूस आयर्लंडच्या बाजूने इकडे आले. त्याखाली दांडा, आणि दांड्यावर चौकटीत एक माणूस, सरळ आपल्याकडे तोंड करून. डोक्यावर निमुळतं टोकदार शिरस्त्राण. शिंगं नाहीत, बरं का! व्हायकिंग म्हटलं की शिंगांची टोपी आठवते, ती १८७६ साली जर्मनीत वागनरच्या ऑपेरासाठी शिवलेल्या कपड्यांमुळे जगभर पोचली. खऱ्या व्हायकिंगांचा तिच्याशी संबंध नाही. या माणसाच्या कमरेला आडवा सुरा आहे. एका बाजूला उभा भाला. दुसऱ्या बाजूला ढाल, तलवार आणि कुऱ्हाड. थोडक्यात, त्या काळात एका माणसाकडे जेवढी हत्यारं असू शकत होती, ती सगळी त्याच्याभोवती मांडलेली. पाय मात्र अगदी आखूड, जेमतेम.

मागच्या बाजूला एक प्राणी. फितीसारखं लांबट शरीर, वळसे घेत चाललेलं, आणि त्याच फितींनी तो जखडलाय. डेन्मार्कमध्ये येलिंग नावाच्या गावात एका राजघराण्याच्या थडग्यात चांदीचा छोटा पेला सापडला, त्यावर असेच प्राणी आहेत. म्हणून या शैलीचं नावच येलिंग शैली. म्हणजे यॉर्कशरच्या एका खेड्यातल्या क्रूसावर डेन्मार्कच्या राजघराण्यात शोभेल असं नक्षीकाम. हे आलं कुठून?

थोडं मागे जाऊ. व्हायकिंगांचे हल्ले आपल्याला माहीत असतात ते ७९३ पासून, लिंडिसफार्न बेटावरच्या मठाच्या लुटीपासून. पण खरा फरक पडला ८६५ नंतर. त्या वर्षी डेन लोकांचं मोठं सैन्य इंग्लंडमध्ये उतरलं, आणि लुटून परत जायच्या ऐवजी इथेच राहिलं. ८६६ मध्ये त्यांनी यॉर्क घेतलं. मग ८७६. त्या वर्षाची एक नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. नोंद लहानशी, पण मला फार आवडते. तिचा मतलब असा, की हाफडान नावाच्या म्होरक्याने नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या माणसांत वाटून दिली आणि ती माणसं नांगर धरून पोट भरू लागली.

बघा, अकरा वर्षांत तलवारीवरून नांगरावर! आजही त्या भागाचा नकाशा उघडा. 'बी'ने संपणारी गावं शोधा. मिडलटनच्या शेजारचंच गाव आहे आइसलबी. नॉर्स भाषेत 'बी' म्हणजे वस्ती, शेतवाडी. यॉर्क शहरात रस्त्यांच्या नावांना 'गेट' लागतं, त्याचा दरवाज्याशी संबंध नाही. नॉर्स भाषेत 'गाटा' म्हणजे रस्ता. कॉपरगेट म्हणजे लाकडी पेले करणाऱ्यांची आळी. १९७६ ते १९८१ या काळात तिथे मोठं उत्खनन झालं आणि व्हायकिंग काळातल्या त्या आळीतली घरं, कार्यशाळा, चपला, फण्या असा सगळा संसार जमिनीखालून वर आला.

तर आपला दगड कोरला गेला तेव्हा या मंडळींना इथे राहून दोन-तीन पिढ्या झाल्या होत्या. आता प्रश्न असा, की ही नातवंडं-पतवंडं कोण होती? आजोबांचा ओडिन-थॉरचा धर्म मनात ठेवून वरवर चर्चमध्ये जाणारी? की खरोखर इथलीच झालेली?

या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवणारं त्यांच्याकडे कोणी नव्हतं. बखरी लिहिल्या त्या इंग्रज भिक्षूंनी, म्हणजे ज्यांचे मठ लुटले गेले त्यांनी. डेन शेतकऱ्याने आपल्या हाताने मागे काही ठेवलं असेल, तर ते मुख्यतः हे दगड. म्हणून दगडावरचा माणूस मेलेला आहे की बसलेला, याला एवढं महत्त्व आहे.

मिडलटनचे क्रूस चर्चच्या भिंतीत चिणलेले होते. ते १९४८ साली बाहेर काढले. १९५६ साली अ‍ॅलन बिन्स नावाच्या अभ्यासकाने त्यांच्यावर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की हा योद्धा थडग्यात निजवलेला आहे. विचार करून बघा, पटण्यासारखंच आहे ते. ख्रिस्ती माणसाला पुरताना सहसा बरोबर हत्यारं ठेवत नसत. जुन्या नॉर्स धर्माच्या माणसाला पुरताना ठेवत. इथे तर भाला, तलवार, कुऱ्हाड, ढाल असा सगळा सरंजाम देहाच्या दोन्ही बाजूंना नीट मांडलाय. चौकट अरुंद, एखाद्या खड्ड्यासारखी. माणूस ताठ, हालचाल कसलीच नाही. झालं, अर्थ लागला! वर ख्रिस्ती क्रूस, खाली जुन्या धर्माचं दफन. नाव ख्रिस्ताचं, मन ओडिनचं.

हा अर्थ लोकांना भारी आवडला. आवडणारच. त्यात नाट्य आहे. बाहेरून बाप्तिस्मा घेतलेला, आतून तसाच राहिलेला व्हायकिंग. आज कोणी याचं रील केलं तर चटकन व्हायरल होईल.

मग १९७० च्या दशकात जेम्स लँग आणि रिचर्ड बेली यांच्यासारखे अभ्यासक हे दगड नव्याने बघायला बसले. त्यांनी नवं काही खणून काढलं नाही. आहे तेच जवळून पाहिलं. माणसाच्या दोन्ही खांद्यांच्या वर एकेक छोटी गोल गाठ कोरलेली आहे. सुपारीएवढी समजा. थडग्यात या गाठींचं काय काम? काहीच नाही. पण हा माणूस पाठ असलेल्या खुर्चीत बसलाय असं धरलं तर? मग त्या गाठी म्हणजे खुर्चीच्या मागच्या दोन खांबांची टोकं. आणि पाय आखूड का, तेही सुटतं. समोरून बघताना बसलेल्या माणसाच्या मांड्या दिसत नाहीत. गुडघ्याखालचे पाय तेवढे दिसतात.

मिडलटनला माझ्याबरोबर एक मित्र होता. त्याला मी काही न सांगता दगडासमोर उभं केलं. तो म्हणाला, "अरे, हा झोपलाय की काय?" मग मी त्या दोन गाठींवर टॉर्च मारला. तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "आयला! हा तर बसलाय." एकदा बसलेला दिसला की पुन्हा झोपलेला दिसत नाही. प्रयत्न करूनही नाही.

आता तुम्ही म्हणाल, दोन गाठींवर एवढं? बरोबर आहे, शंका घ्यायलाच हवी. म्हणून दुसरा दगड बघू. यॉर्कच्या पूर्वेला ननबर्नहोम नावाचं खेडं आहे. तिथल्या सेंट जेम्स चर्चमध्ये एक मोठा क्रूसाचा दांडा आहे. त्यावरही एक शिरस्त्राणवाला माणूस आहे, हातात तलवार, आणि तो मात्र बसलाय यात शंका नाही. म्हणजे तलवारवाला पुढारी आसनावर बसवून क्रूसावर कोरायची पद्धत त्या मुलखात होती. मिडलटनचा माणूस एकटा नाही.

आसन म्हणजे नुसती बसायची सोय नव्हे. जुन्या इंग्रजीत 'गिफस्टोल' असा शब्द आहे. त्याचा अर्थ, जिथे बसून धनी आपल्या माणसांना देणग्या देतो ते आसन. मराठीत त्याला सरळ 'गादी' म्हणता येईल. गादीवर बसला म्हणजे सत्ता आली, आणि सत्तेबरोबर देण्याची जबाबदारीही. हत्यारंही मग वेगळी दिसायला लागतात. तलवार महाग होती, प्रत्येकाला परवडत नव्हती. तिच्यावरून माणसाची पायरी कळायची. म्हणजे ही हत्यारं परलोकाच्या प्रवासाची शिदोरी राहत नाहीत. हा माणूस कोण आहे, याची पाटी होतात.

इथे वीरगळ पाहिलेल्या मंडळींच्या डोक्यात दिवा पेटला असेल. लढताना मेलेला वीर, त्याच्या नावाने दगड! पण जरा थांबा. वीरगळाचा या दगडाशी काही संबंध नाही. आपल्या डोळ्यांना जे वाचायची सवय आहे तेच डोळे वाचू पाहतात, एवढंच. बिन्स यांनीही तेच केलं होतं. व्हायकिंग म्हणजे हत्यारांसकट पुरलेला माणूस, ही त्यांच्या काळाची सवय होती. आपली सवय आपली. दगड बिचारा दोघांनाही काही बोलत नाही.

अजून एक गंमत सांगतो, कारागिरीची. उत्तर इंग्लंडमधल्या काही शिल्पांची बारकाईने मापं घेतल्यावर बेली यांच्या लक्षात आलं, की वेगवेगळ्या दगडांवरच्या आकृत्यांची मापं तंतोतंत जुळतात. नुसता हात चांगला असून इतकं जुळत नाही. म्हणजे कारागीर साचा वापरत होते. चामड्याचा किंवा लाकडाचा असेल. दगडावर ठेवायचा, कडेने रेघ मारायची, मग छिन्नी चालवायची. ज्याने साचा बनवला त्याला पुढचीही ऑर्डर मिळेल अशी खात्री होती. एखाददुसऱ्या धर्मवेड्या योद्ध्याची हौस नव्हती ही, धंदा होता. मागणी होती!

आणि मागणी कोणाची? हे महत्त्वाचं आहे. व्हायकिंग येण्याआधी इंग्लंडमध्ये दगडी क्रूस कोरले जायचे ते मुख्यतः मठांत, भिक्षूंच्या देखरेखीखाली. डेन्मार्क-नॉर्वेकडे दगडी क्रूस उभारायची परंपराच नव्हती. दहाव्या शतकात काय झालं, की हेच क्रूस लहानलहान खेड्यांतल्या चर्चजवळ दिसू लागले, आणि त्यांच्यावर संतांच्या शेजारी, कधी संतांच्या जागी, गावचा धनी येऊन बसला. मिडलटनच्या दुसऱ्या एका क्रूसावर तर शिकारीचं दृश्य आहे. भालावाला शिकारी, हरीण, कुत्री. शिकार हा जमीनदारांचा छंद.

म्हणजे चित्र असं होतं. परक्या मुलखातून आलेल्या माणसाचा नातू. आजोबांनी जमीन तलवारीने मिळवली होती. नातवाला ती टिकवायची आहे. कशी टिकवणार? गावातलं चर्च, त्याच्या आवारात क्रूस, क्रूसावर आपण, गादीवर बसलेले. येणाराजाणारा प्रत्येक जण बघेल. इथला देव माझा, इथली पद्धत माझी, म्हणून ही जागाही माझी. मागच्या बाजूला मात्र आजोबांच्या गावची नक्षी. ती त्याने सोडली नाही. सोडायची गरजच वाटली नाही.

मी गेली काही वर्षं याच यॉर्कशरमध्ये राहतो. त्यामुळे हा मागचा प्राणी मला पुढच्या योद्ध्याइतकाच जवळचा वाटतो. बाहेरून आलेली माणसं कधी इथली होतात? सगळं पुसून टाकल्यावर? या दगडाचं उत्तर वेगळं आहे. क्रूसाला पुढची बाजू असते तशी मागचीही असते, आणि दोन्ही बाजू मिळून एकच दगड होतो.

हे माझं स्वप्नरंजन वाटत असेल तर यॉर्कची नाणी बघा. व्हायकिंग राजांच्या अमलात, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडलेली. नाण्यावर नाव कोणाचं? सेंट पीटरचं, यॉर्कच्या मुख्य चर्चच्या संताचं. काहींवर तलवार. आणि काहींवर थॉरचा हातोडा. एकाच नाण्यावर संत आणि हातोडा, आणि बाजारात ते चाललं. त्याच्याही आधी, ८९५ मध्ये, यॉर्कचा व्हायकिंग राजा गुथफ्रिथ वारला, तेव्हा त्याला यॉर्कच्या मुख्य चर्चमध्ये पुरल्याची नोंद आहे.

पण दोन धर्मांच्या गोष्टी एकत्र असल्या की घोळच असतो असं नाही. कधीकधी त्यामागे पक्का विचार असतो. त्यासाठी थोडं लांब जाऊ. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, कंब्रियात, गॉसफर्थ नावाचं गाव आहे. सेंट मेरी चर्चच्या आवारात लाल वालुकाश्माचा एक क्रूस उभा आहे, ४.४ मीटर उंच. इतका सडपातळ, की पडत कसा नाही असं वाटतं. हाही दहाव्या शतकातला. त्याच्यावर नॉर्स पुराणातल्या जगबुडीची, म्हणजे रॅग्नरॉकची दृश्यं आहेत. लोकी जखडून पडलाय, वरून सापाचं विष ठिबकतंय, आणि त्याची बायको सिगिन ते विष वाडग्यात झेलतेय. ओडिनचा मुलगा विदार फेनरिर लांडग्याच्या जबड्यात पाय देऊन जबडा फाडतोय. आणि याच क्रूसावर, पूर्वेकडच्या बाजूला खाली, हात पसरलेला येशू, शेजारी भालेकरी आणि एक बाई.

आता हे सगळं एका दगडावर का? कोरणाऱ्याला घोळ घालायचा नव्हता. त्याला जोडी लावायची होती. जुन्या कथेत देव मरतात, जुनं जग संपतं आणि नवं सुरू होतं. नव्या कथेत देव मरतो आणि नवं जग सुरू होतं. ज्या गावकऱ्यांना आजीकडून पहिली कथा पाठ होती, त्यांना दुसरी समजावायची तर याहून चांगली पायरी कोणती? चर्चच्या आत आणखी एक दगड आहे, मासेमारीचा दगड म्हणून ओळखला जातो. होडीत थॉर आणि हिमिर राक्षस, गळाला बैलाचं मुंडकं, सागरातल्या महासर्पाला पकडायला. हाही चर्चमध्येच.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. थॉर-लोकीच्या या कथा आपल्याला आज सविस्तर मिळतात त्या आइसलँडमध्ये तेराव्या शतकात स्नॉरी स्टर्लसनसारख्यांनी लिहून ठेवल्या म्हणून. गॉसफर्थचा क्रूस त्याच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीचा आहे. मार्व्हलचे सिनेमे ज्या कथांवर उभे आहेत, त्यांचा इतका जुना पुरावा इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती क्रूसावर आहे. कथा जपली कोणी? ज्यांनी धर्म बदलला होता त्यांनी.

दगड वाचताना चूक फक्त डोक्यात होते असं नाही, हातानेही होते. परत ननबर्नहोमला येतो. तिथला तो दांडा एकोणिसाव्या शतकात चर्चच्या दुरुस्तीत दोन तुकड्यांत सापडला. कोणीतरी प्रामाणिकपणे ते एकावर एक ठेवून सिमेंटने जोडले. शंभर वर्षांनी, १९७३ मध्ये, इयन पॅटिसन यांनी नीट बघून दाखवलं, की एक तुकडा उलट्या दिशेने बसवलाय. म्हणजे पुढची बाजू मागे आणि मागची पुढे. वरच्या आकृतीचा खालच्या आकृतीशी संबंध लावून जो कोणी अर्थ सांगत होता, तो मुळात दोन वेगळी चित्रं जोडून वाचत होता! शिवाय हा दांडा एकाच हाताचा नाही. एकाने सुरू केलेलं काम पुढच्यांनी वाढवलं. एका जागी तर ख्रिस्ती धर्मगुरूच्या आकृतीपाशी नॉर्स कथेतला सिगुर्ड नंतर कोरलाय, असं मानतात.

आता एक सुखद उदाहरण, जिथे दगड चक्क बोलतो. मिडलटनहून पश्चिमेला गाडीने वीसेक मिनिटांवर कर्कडेल आहे. तिथल्या सेंट ग्रेगरीच्या चर्चमध्ये दाराच्या वर दगडात कोरलेलं सूर्यघड्याळ आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना लेख. लेखात सांगितलंय, की गामलचा मुलगा ऑर्म याने हे चर्च पार मोडून पडलेलं असताना विकत घेतलं आणि पायापासून नवं बांधलं, एडवर्ड राजाच्या आणि टॉस्टी सरदाराच्या काळात. टॉस्टीचा काळ ठाऊक आहे, १०५५ ते १०६५. ऑर्म आणि गामल ही दोन्ही नावं अस्सल नॉर्स. लेखाची भाषा मात्र इंग्रजी. आपल्या मिडलटनच्या धन्यानंतर शंभरएक वर्षांनी, त्याच मुलखात, नॉर्स नावाचा माणूस इंग्रजी भाषेत सांगतोय की पडकं चर्च मी उभं केलं. दफनाचा अर्थ बरोबर की गादीचा, याची ही काही कोर्टातली साक्ष नाही. पण गोष्ट कुठल्या दिशेने चालली होती ते या दगडावर स्वच्छ वाचता येतं.

मग हे क्रूस भिंतीत कसे गेले? कोणी रागाने फोडले का? काही फुटलेही असतील, पण बऱ्याच ठिकाणी कारण अगदी घरगुती आहे. चर्च वाढवायचं, बुरुज नीट करायचा, तर चांगला घडलेला दगड लागतो. आवारात जुना क्रूस उभा आहे. तो ज्याच्या नावाचा होता त्याला ओळखणारं कोणी उरलं नाही. मग काय, चला, घ्या, बसवा भिंतीत. निर्दय वाटतं. पण त्यामुळेच तो वाचला. बाहेर उघड्यावर राहिला असता तर हजार पावसाळ्यांनी आणि गोठवणाऱ्या हिवाळ्यांनी ती सुपारीएवढी गाठ कधीच पुसून टाकली असती. आणि गाठ नसती, तर तो माणूस अजून थडग्यातच पडून असता.

एक गोष्ट मात्र हरवलीच. हे क्रूस रंगवलेले असायचे. त्या काळातल्या कित्येक दगडांवर पांढऱ्या लेपाचे आणि रंगाचे अंश सापडलेत, लाल रंगाचे विशेष. आज जो करडा-पिवळा, गंभीर दगड आपण बघतो, तो मूळ मालकाने ओळखलाही नसता. कदाचित खुर्ची एका रंगात असेल आणि ढाल दुसऱ्या. तेव्हा कोणाला वाद घालायची वेळच आली नसती.

आता तुमच्यासाठी काम. यॉर्कशरला येणं जमो न जमो, हे दगड तुमच्या फोनवर बघता येतात. डरहम विद्यापीठातल्या प्राध्यापक रोझमेरी क्रॅम्प यांनी इंग्लंडमधल्या अशा सगळ्या दगडांची जिल्हावार नोंद करायचा प्रकल्प सुरू केला, 'कॉर्पस ऑफ अँग्लो-सॅक्सन स्टोन स्कल्प्चर'. पहिला खंड १९८४ ला आला. मिडलटनचे क्रूस तिसऱ्या खंडात आहेत, १९९१ चा, जेम्स लँग यांनी केलेला. बरेचसे खंड इंटरनेटवर फुकट आहेत, प्रत्येक बाजूच्या फोटोंसकट. बाई २०२३ मध्ये गेल्या, पण काम चालू आहे. पडक्या तुकड्यालाही नंबर, माप, वर्णन. म्हणून तर आपल्या नायकाचं नाव फायलीतलं वाटतं. आता ते तितकंसं रुक्ष वाटत नसेल, अशी आशा आहे.

फोटो उघडलात की तीन गोष्टी करा. आधी चारही बाजू बघा, फक्त प्रसिद्ध बाजू नको. मग हा दगड कुठे सापडला आणि कोणी जोडला ते वाचा. आणि अर्थ लावायच्या आधी, अर्थात न बसणारी एखादी छोटी गोष्ट शोधा. एखादी गाठ, एखादी जादा रेघ. जी गोष्ट तुमच्या अर्थाला नकोशी वाटते, तिच्यापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबा.

मिडलटन बीचा फोटो घरात कोणाला तरी दाखवा, काही न सांगता. झोपलाय म्हणतात की बसलाय, ते मला कळवा. आकडा मोठा झाला तर पुढच्या भागात निकाल वाचून दाखवतो. तोपर्यंत भेटू, बोलू. काळजी घ्या.